कोळसा राहिला, वाफ गेली : रायपूर परिसरातील हवाबंद भट्टीचा इतिहास

लाकूड जळते ते हवेतील ऑक्सिजनमुळे. हवा तोडून नुसती उष्णता देत राहिल्यास ते जळत नाही, तर त्याचे विघटन होते. त्यातून वाफा निघतात, त्यांपैकी काही थंड केल्यावर काळपट, आंबूस वासाचा द्रव बनतात, काही वायुरूपच राहतात आणि भट्टीच्या तळाशी कोळसा उरतो. या क्रियेला पायरोलिसिस म्हणजे हवाविरहित औष्णिक विघटन म्हणतात, आणि लाकडाचा भुसा किंवा शेतीतील काडीकचरा टाकाऊ प्लास्टिकमध्ये मिसळून हीच क्रिया एकाच भट्टीत घडवून आणली की तिला सह-पायरोलिसिस हे नाव मिळते. हे नाव गेल्या काही दशकांतले असल्याने ही प्रक्रियाही प्रयोगशाळेत जन्मलेली असावी असा समज होतो. रायपूर आणि त्याच्या भोवतालच्या छत्तीसगढी मुलखापुरते पाहिले तर तो टिकत नाही, कारण हवा कोंडून लाकूड तापवण्याचे काम येथे आगगाडी येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आले होते. बदल झाला तो भट्टीतून काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे यात. जुन्या भट्टीने कोळसा ठेवला आणि वाफ आकाशात सोडली. नव्या भट्टीला मुख्यतः वाफच हवी आहे. दोन्हींचे भवितव्य मात्र रसायनशास्त्रापेक्षा पुरवठ्याने अधिक ठरवले आहे.

या इतिहासाचा आरंभ अगरिया लोकांपासून करावा लागतो. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींच्या ग्रंथात लोखंड गाळणाऱ्या या लोकांची संख्या १९११ च्या शिरगणतीनुसार सुमारे साडेनऊ हजार दिली आहे आणि मैकल पर्वतरांगेवरील मंडला, रायपूर व बिलासपूर हे जिल्हे त्यांचे वसतिस्थान म्हणून नोंदवले आहेत. पुढे व्हेरियर एल्विन यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. अगरियांची भट्टी मातीची, नळकांड्यासारखी आणि माणसाच्या उंचीहून बरीच ठेंगणी असे. तिच्यात दगडी खनिज आणि लाकडी कोळसा आळीपाळीने टाकून, कातड्याने मढवलेले भाते पायांनी तुडवत हवा फुंकली जाई आणि काही तासांनी तळातून लोखंडाचा सच्छिद्र, मळीने भरलेला गोळा बाहेर काढून तो घणाखाली ठोकला जाई. या भट्टीत कोळसा दुहेरी काम करतो. तो जळून उष्णता देतो आणि त्याच वेळी त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील ऑक्सिजन काढून घेऊन लोखंड मोकळे करतो, म्हणून कच्चे लाकूड या कामाला चालत नाही.

त्यामुळे लोहाराच्या भट्टीआधी कोळशाची भट्टी येते. साल, साजा (म्हणजे मराठी मुलखातला ऐन) आणि धावडा यांसारख्या जड लाकडाचे तुकडे रचून, त्यांवर पाला आणि माती थापून, आत जेमतेम पेट राहील एवढीच हवा जाऊ दिली की सुरुवातीला पांढरा, पाणीदार धूर निघतो, मग पिवळसर, झोंबणारा, आणि शेवटी निळसर विरळ धूर दिसू लागला की भट्टी झाली असे जाणकार ओळखतात. या रंगबदलामागचे रसायन आज सांगता येते : आधी लाकडातील पाणी जाते, त्यानंतर हेमिसेल्युलोज व सेल्युलोज हे लाकडाच्या तंतूंचे घटक साधारण दोनशे ते चारशे अंश सेल्सियसच्या दरम्यान फुटतात आणि त्यांच्याबरोबर ॲसेटिक आम्ल, मिथेनॉल व डांबर वाफरूपाने बाहेर पडते, तर तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन सावकाश, दीर्घकाळ विघटित होत राहून कोळशाचा मोठा वाटा देते. मातीखालच्या अशा भट्टीत चार-पाच किलो लाकडामागे एखादा किलो कोळसा हाती येतो, याचा अर्थ लाकडाच्या वजनाचा बहुतांश भाग धुरातून निघून जातो. अगरियांच्या दैवतकथांत लोखंडाचा लोहासुर आणि आगीचा आग्यासुर यांच्या जोडीला कोयलासुर म्हणजे कोळशाचा असुरही आहे. कोळसा हा खनिजाइतकाच आणि अग्नीइतकाच स्वतंत्र मानाचा घटक आहे, ही त्या कथाकारांची समज धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकालाही मान्य व्हावी अशी आहे. धुराचा असुर मात्र त्या कथांच्या मुख्य मांडणीत नाही.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर छत्तीसगढ इंग्रजी अमलात आले, १८६१ मध्ये नागपूर ही राजधानी ठेवून मध्य प्रांताची रचना झाली आणि पुढल्याच वर्षी रायपूर हे छत्तीसगढ विभागाचे मुख्य ठाणे ठरले. या राज्यव्यवस्थेने अगरियांची भट्टी एका हुकमाने बंद केली नाही; तिने तिचा आधार तीन बाजूंनी काढून घेतला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची संकल्पना पक्की केली आणि कोळशासाठी लाकूड तोडणे हा हक्क न राहता परवानगीचा विषय झाला. भट्टीमागे वार्षिक कर द्यावा लागू लागला. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेला लोहमार्ग पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने वाढवला आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल हा सलग मार्ग खुला झाला, तेव्हा कारखान्यात तयार झालेले स्वस्त लोखंड आठवडी बाजारापर्यंत पोचले. त्याच रेल्वेला रुळांखाली घालायला सालाचे स्लीपर हवे होते. म्हणजे ज्या झाडाचा कोळसा करायला अगरियाला मज्जाव झाला, तेच झाड सरकारी कामासाठी मोठ्या प्रमाणावर तोडले जात होते. जंगल वाचवण्याच्या भाषेत लिहिलेल्या त्या काळच्या अहवालांचे वाचन ही गोष्ट ध्यानात ठेवूनच केले पाहिजे.

लोखंडाचे खनिज भरपूर आणि ते गाळण्यासाठी योग्य कोळसा जवळ नाही, ही या सबंध पट्ट्याची अडचण त्यानंतरच्या भांडवली प्रयत्नांनाही भोवली. नागपुरात १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू करणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ च्या सुमारास चांदा जिल्ह्यातील लोहारा येथील खनिजावर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाने लिहिलेला अहवाल आला. खनिज उत्तम होते, पण जवळच्या वरोऱ्याचा दगडी कोळसा लोखंड गाळण्याच्या कामाचा ठरला नाही. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजींचे पुत्र दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात एका अधिकाऱ्याची वाट पाहत असताना समोरच्या संग्रहालयात गेले आणि तेथे लावलेल्या भूस्तरीय नकाशात त्यांना दुर्ग परिसरातील लोहखनिजाच्या खुणा दिसल्या. प्रमथनाथ बोस यांनी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी केलेल्या पाहणीची नोंद १८८७ मध्येच प्रसिद्ध झाली होती. त्या मागावर धल्ली-राजहऱ्याच्या टेकड्यांची पाहणी झाली, तथापि कोळसा आणि पाणी यांची सोय जुळेना, आणि १९०४ मध्ये बोस यांच्याच पत्रावरून टाटांचे लक्ष मयूरभंज संस्थानाकडे वळले. धल्ली-राजहऱ्याच्या खनिजावर मोठी झोतभट्टी पेटली ती ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, भिलाईला, आणि तिच्यासाठी लागणारा कोळसा शेकडो किलोमीटरवरून रेल्वेने आणावा लागला.

लाकडाची वाफ वाया न घालवता लोखंड गाळण्याचा भारतातील ठळक औद्योगिक प्रयत्न छत्तीसगढात नव्हे, तर म्हैसूर संस्थानात भद्रावतीला झाला. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक-धुळ्याकडे नोकरीची सुरुवात केलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा त्या कारखान्याच्या उभारणीत व संचालनात मोठा वाटा होता. जानेवारी १९२३ मध्ये सुरू झालेली तेथील झोतभट्टी लाकडी कोळशावर चालत असे आणि तो कोळसा बंद लोखंडी पात्रांत तयार करून निघणाऱ्या वाफांपासून ॲसेटेट, लाकडी मद्यार्क म्हणजे मिथेनॉल आणि डांबर वेगळे केले जाई. अगरियाच्या मातीच्या ढिगातून जे आकाशात जात होते, त्याचा येथे हिशेब मांडला गेला. दुर्दैव असे की त्याच १९२३ साली जर्मनीत लॉयना येथे बीएएसएफ कंपनीने कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांपासून कृत्रिम मिथेनॉल काढण्यास सुरुवात केली आणि लाकडापासून मिथेनॉल मिळवण्याच्या धंद्याचा जगभर पाया खचला. भद्रावतीच्या अनुभवातून निघणारा धडा रायपूरच्या आजच्या चर्चेतही क्वचितच घेतला जातो : उपपदार्थ विकून भट्टीचा खर्च निघेल हा हिशेब त्या उपपदार्थाचा दुसरा, स्वस्त उगम सापडेपर्यंतच खरा असतो.

दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मापून मिळू लागल्यावर मध्य प्रांतासह देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या उभ्या टाक्या बसवल्या गेल्या. त्या टाक्यांतील क्रिया पायरोलिसिसची नव्हे, तर थोडी हवा आत सोडून कोळशाचा ज्वलनशील वायू करण्याची, म्हणजे गॅसिफिकेशनची होती. युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा मिळू लागले आणि चढावर दम तोडणाऱ्या त्या गाड्या भंगारात गेल्या.

या कथेतील दुसरे पात्र, प्लास्टिक, बरेच उशिरा येते. मुंबईच्या पॉलिकेम कंपनीने १९५७ मध्ये पॉलिस्टायरिनचे उत्पादन सुरू केले तेव्हा भारतीय प्लास्टिक कच्च्या मालाचा उद्योग उभा राहू लागला. साठच्या दशकाच्या अखेरीस ठाण्याचा नोसिल आणि नंतर वडोदऱ्याचा आयपीसीएल हे प्रकल्प आले, आणि कापडी पिशवी, पानाचा द्रोण व काचेची बाटली या वस्तू नव्वदच्या दशकापर्यंत शहरांतून मागे सरल्या. पॉलिथीन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची लांबच लांब साखळी. ती कुजत नाही, पण हवेशिवाय चारशे अंशांच्या पुढे तापवली की तुटते आणि तिच्या आखूड तुकड्यांतून मेण, डिझेलसदृश तेल व वायू मिळतात. मराठी वाचकांना या प्रक्रियेची ओळख झाली ती बहुधा नागपूरमुळे. जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयात उपयोजित रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. अलका झाडगावकर यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात टाकाऊ प्लास्टिकपासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने इंधन काढण्याचे काम पुढे आणले आणि बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा कारखाना उभा राहिला. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत ऑगस्ट २०१९ मध्ये रोज एक टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल देऊ शकणारा प्रायोगिक संच सुरू झाला. त्याआधी २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी पुनर्वापर न होणाऱ्या प्लास्टिकपासून तेल काढण्याचा मार्ग स्थानिक संस्थांपुढे अधिकृतपणे ठेवला होताच.

लाकूड आणि प्लास्टिक एकत्र का तापवावे, याचे उत्तर दोघांच्या उणिवांत आहे. लाकडात वजनाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक ऑक्सिजन आणि जेमतेम सहा टक्के हायड्रोजन असतो. त्यामुळे त्याच्यापासून निघणारे जैवतेल आम्लधर्मी असते, लोखंडी टाकी खाते, त्यात बरेच पाणी मिसळलेले असते, साठवले की दाट होत जाते आणि किलोमागे डिझेलच्या निम्म्याहून कमी उष्णता देते. पॉलिथीनमध्ये ऑक्सिजन नसतो आणि हायड्रोजन चौदा टक्क्यांच्या आसपास असतो. लाकडाच्या विघटनातून निर्माण होणारे अस्थिर अणुगट, ज्यांना मुक्त मूलके म्हणतात, ते प्लास्टिकची साखळी लवकर तोडण्यास मदत करतात आणि त्या साखळीतील हायड्रोजन लाकडाच्या वाफांना स्थिर करतो, असा सह-पायरोलिसिसमागचा सिद्धांत आहे. साध्या शब्दांत, प्लास्टिक हायड्रोजन पुरवते आणि लाकूड ऑक्सिजनचे ओझे पाणी व कार्बन डायऑक्साइड यांच्या रूपाने टाकून देते. उसाचे चिपाड आणि पातळ पिशव्यांचे पॉलिथीन यांवर राऊरकेलाच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेतून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन, करंज आणि कारळ्याच्या बिया पॉलिस्टायरिनबरोबर तापवून गुवाहाटीला झालेले काम, असे या विषयावरील भारतीय अभ्यास मध्य व पूर्व भारताच्या रानातील आणि शेतातील मालाभोवतीच फिरतात.

सिद्धांताला एक अडचण आहे आणि ती तापमानाची आहे. लाकूड चारशे अंशांपर्यंत बहुतेक फुटून जाते, तर पॉलिथीन त्याच सुमारास फुटू लागते; म्हणून भट्टी सावकाश तापवली तर लाकडाच्या वाफा निघून गेल्यावर प्लास्टिकच्या वाफा येतात आणि ज्या भेटीसाठी दोघांना एकत्र कोंडले ती भेट होतच नाही. जलद तापवणे, वाफा उत्प्रेरकावरून एकत्र नेणे, वितळलेल्या प्लास्टिकने लाकडाचा भुसा आधीच मढवणे असे उपाय केले जातात. काही प्रयोगांत मिश्रणाचे तेल दोहोंच्या सरासरीपेक्षा खरोखर सरस निघते, तर काहींत ते निव्वळ सरासरीच असते, आणि या मतभेदाचे मूळ बहुतेकदा तापवण्याच्या गतीत आणि भट्टीच्या रचनेत सापडते. ज्या लेखांत मिश्रणाचे गुण सांगितले जातात पण तापवण्याची गती सांगितलेली नसते, त्यांच्यावर विसंबू नये हे बरे.

रायपूरला या विद्येचे घर होण्यासारखी परिस्थिती खूप आधी तयार झाली होती. येथील राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेची कोनशिला १४ सप्टेंबर १९५६ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली, म्हणजे तेव्हाच्या राज्याची राजधानी नागपूर असण्याच्या शेवटच्या आठवड्यांत, आणि तिचे मूळ नाव शासकीय खाणकाम व धातुशास्त्र महाविद्यालय असे होते. जवाहरलाल नेहरूंनी १९६३ मध्ये तिचे उद्घाटन केले आणि २००५ मध्ये तिला राष्ट्रीय संस्थेचा दर्जा मिळाला. खनिज आणि कोळसा यांच्यासाठी स्थापन झालेल्या या संस्थेत रासायनिक अभियांत्रिकीचे अभ्यासक आज जैवभाराच्या, म्हणजे वनस्पतिजन्य पदार्थांच्या, औष्णिक विघटनावर काम करतात. शहराबाहेर उरला आणि सिलतरा येथे स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्ट्या कोळशाच्या साहाय्याने खनिजातील ऑक्सिजन काढून घेतात. अगरियाच्या भट्टीतही लोखंड न वितळता घन रूपातच मोकळे होई. स्पंज आयर्नचे तत्त्व तेच आहे, फक्त त्याचे प्रमाण आणि त्याची काजळी अवाढव्य झाली आहे.

कच्च्या मालाच्या बाबतीत मात्र छत्तीसगढचा अलीकडचा एक अनुभव सावध करणारा आहे. राज्याने २००५ मध्ये जैवइंधन विकास प्राधिकरण स्थापून रतनजोत म्हणजे मोगली एरंडाच्या लागवडीची मोठी मोहीम हाती घेतली. तिचा बोलबाला देशभर झाला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये देहरादूनहून दिल्लीला गेलेल्या, अंशतः जैवइंधनावर चाललेल्या विमानासाठीचे बीही येथूनच गेले. तरी पडीक जमिनीत पाणी-खताविना भरपूर बी देणारे झाड ही अपेक्षा फोल ठरली आणि ठरवलेल्या प्रमाणात बी कधी जमलेच नाही. सह-पायरोलिसिसचे समर्थक म्हणतात की त्यांना काही लावायचे नाही, आहे तोच टाकाऊ माल उचलायचा आहे. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी ‘टाकाऊ’ असा माल रायपुरात फारसा शिल्लक नाही. भातगिरण्यांचे तूस बॉयलरमध्ये आणि जैवभारावरील वीजकेंद्रांत जाते; लाकडाच्या वखारींतील भुशाला गिऱ्हाईक असते; आणि राज्याचा एकेचाळीस टक्के भूभाग जंगलाखाली असला तरी त्या जंगलातील पडलेले लाकूड प्रथम गावातील चुलीचे आहे, भट्टीचे नंतर.

प्लास्टिकचीही स्थिती वेगळी नाही. चांगली बाटली, स्वच्छ डबा कबाडी आधीच विकत घेतो. उरते ते अन्न लागलेले, माती लागलेले, अनेक थरांचे वेष्टण, ज्यात पॉलिथीनबरोबर ॲल्युमिनियमचा पातळ थरही असतो. त्यात पीव्हीसीचा तुकडा आला तर संकट मोठे, कारण पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन असतो. तो तापताच हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ बनतो, नळ्या खातो आणि प्रतिकूल परिस्थितीत डायॉक्सिनसारखी घातक संयुगे होण्यास कारण ठरतो. पेट (पीईटी) या प्लास्टिकच्या बाटल्या तेलाऐवजी घन आम्लांचे खडे देऊन नळ्या बुजवतात. म्हणून भट्टीच्या आधी निवड करणारे हात लागतात. सरगुजातील अंबिकापूरने शहरभरचा कचरा बचतगटांतील महिलांकडून घरोघर गोळा करून अनेक प्रकारांत वेगळा करण्याची जी पद्धत २०१५ नंतर बसवली, ती देशभर वाखाणली गेली. २०१९ मध्ये तेथे किलोभर प्लास्टिक आणणाऱ्याला जेवण देणारे उपाहारगृहही निघाले. भट्टीच्या दृष्टीने पाहिले तर अंबिकापूरची खरी कमाई ते उपाहारगृह नव्हे, तर निवडीची शेड आहे.

निवडून उरलेल्या या प्लास्टिकवर आणखी एक दावेदार आहे. रायपूर जिल्ह्यातून २०१२ मध्ये वेगळ्या झालेल्या बलौदाबाजार जिल्ह्यात चुनखडीच्या साठ्यांमुळे सिमेंटचे मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या फिरत्या भट्ट्यांतील ज्योत इतकी प्रखर असते की कोळशाच्या जोडीने प्लास्टिक व शेतीचा काडीकचरा फारसा निवडलेला नसतानाही त्यात जाळता येतो. राख सिमेंटमध्येच मिसळून जाते आणि वेगळा अवशेष राहत नाही. याला सह-प्रक्रिया म्हणतात आणि प्लास्टिक नियमांनी तिलाही मान्यता दिली आहे. सिमेंटच्या भट्टीला पॉलिथीनमधला हायड्रोजन जपायचा नसतो, तिला फक्त उष्णता हवी असते, म्हणून ती कमी प्रतीचा माल मोठ्या प्रमाणावर सहज पचवते. सह-पायरोलिसिसच्या संचाला मात्र निवडलेला, सुकवलेला आणि एकसारखा बारीक केलेला माल लागतो व त्याबदल्यात तो जे तेल देतो त्याची किंमत खनिज तेलाच्या जागतिक भावाबरोबर वर-खाली होते. रायपूरच्या नगरपालिकीय निविदांत निवडीच्या शेडमध्ये बसणाऱ्या बाईची मजुरी ही कचऱ्याच्या वाहतुकीची बाब म्हणून धरली जाते की इंधनाच्या कच्च्या मालाची किंमत म्हणून, यावर या दोन भट्ट्यांपैकी कोणती चालेल ते बऱ्याच अंशी अवलंबून आहे.